आठवड्याला चार तास ईसीजी शिकवायला माणूस कसा नेमतात?

जून-जुलै आला की वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर आणि कॉलेजांच्या वेबसाइटवर ठरलेल्या साच्याची एक जाहिरात झळकते. ‘तासिका तत्त्वावर सहायक प्राध्यापक नेमणे आहे. विषय : बायोमेडिकल इंजिनीअरिंग. पात्रता : एआयसीटीईच्या निकषांप्रमाणे. इच्छुकांनी मूळ प्रमाणपत्रांसह थेट मुलाखतीस हजर राहावे.’ बस, एवढंच. पगार किती, तास किती, नेमका कोणता पेपर, यातलं काही नाही. नुकतंच एम.ई. झालेली मुलगी ही जाहिरात वाचून धावतपळत जाते. आणि हॉस्पिटलात व्हेंटिलेटर आणि मॉनिटर दुरुस्त करण्यात दहा-बारा वर्षं घालवलेला इंजिनिअर ती वाचतो आणि ‘आपल्याला कोण घेणार’ म्हणून पान उलटतो.

माझ्या मते गडबड इथेच आहे. कारण हा विषय असा आहे की त्यात त्या पान उलटणाऱ्या माणसाची गरज कधीकधी जास्त असते.

आधी हे बघू, की बायोमेडिकलच्या विभागाला अर्धवेळ माणसं लागतातच कशाला. पूर्णवेळ नेमायला पैसे नकोत म्हणून, हे एक उत्तर आहे आणि बऱ्याच कॉलेजांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण सगळं खापर त्यावर फोडता येत नाही. साठ जागांचा कोर्स धरा. चार वर्षांची मिळून साधारण 240 मुलं. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक परिषदेच्या, 1:20 या शिक्षक-विद्यार्थी गुणोत्तराने त्यांना 12 शिक्षक लागतात. आता शिकवायचं काय ते पाहा: शरीररचना आणि शरीरक्रिया, अ‍ॅनालॉग इलेक्ट्रॉनिक्स, सिग्नल प्रोसेसिंग, बायोमटेरियल, बायोमेकॅनिक्स, एक्स-रेपासून एमआरआयपर्यंतचं इमेजिंग, आयसीयूतली यंत्रं, हॉस्पिटलचं व्यवस्थापन, वैद्यकीय उपकरणांचे कायदे. हे सगळं 12 जणांत बसत नाही. शरीरक्रिया शिकवायला फिजिऑलॉजीचा माणूस लागतो, पण त्याला देण्यासारखे तास आठवड्यात चारच. सहायक प्राध्यापकाचा पूर्ण भार 16 तासांचा. चार तासांसाठी पूर्ण जागा कोणी काढत नाही, आणि काढूही नये. कॉम्प्युटरच्या विभागात एक माणूस तीन पेपर सहज ओढतो. इथे एकाच माणसाला हाडांचं बायोमेकॅनिक्स आणि डिफिब्रिलेटरचं सर्किट दिलंत तर दोन्हींपैकी एक तो पुस्तकातून वाचून दाखवणार.

म्हणून पहिला प्रश्न ‘कोण मिळतंय’ हा नसून ‘कोणते तास रिकामे आहेत’ हा असतो. तो एकदा सुटला की नेमणुकीच्या कोणत्या दाराने जायचं ते आपोआप ठरतं. दारं तीन-चार आहेत आणि लोक ती एकमेकांत मिसळतात.

सगळ्यात ओळखीचं दार म्हणजे तासिका तत्त्व, म्हणजे आपलं सीएचबी (क्लॉक अवर बेसिस). घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. सुट्टी आली, मुलं टेक्निकल फेस्टला गेली, तास झाला नाही, तर पैसे नाहीत. महाराष्ट्रात अनुदानित आणि सरकारी संस्थांसाठी दर शासन ठरवतं. खासगी विनाअनुदानित कॉलेजं आपापले दर ठरवतात आणि ते सहसा मुलाखतीत शेवटी, उठता उठता सांगतात.

दुसरं दार अतिथी प्राध्यापकाचं. विद्यापीठांसाठी यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जानेवारी 2019 मध्ये याचे नियम नव्याने दिले: एका व्याख्यानाला 1500 रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त 50,000. मंजूर पदांच्या 20 टक्क्यांपर्यंतच अशा नेमणुका करता येतात. पात्रता मात्र नियमित सहायक प्राध्यापकाचीच लागते. भत्ते, रजा, पेन्शन, ग्रॅच्युइटी यांतलं काही नाही. थोडक्यात, पात्रतेला नियमित आणि सवलतींना पाहुणा.

तिसरं दार उद्योगातल्या माणसांसाठी आहे. एआयसीटीई उद्योगातल्या अनुभवी लोकांना अ‍ॅडजंक्ट, म्हणजे आपलं मूळ काम सांभाळून शिकवणारे, म्हणून मर्यादित प्रमाणात घेऊ देते. यूजीसीने तर 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ नावाचा वेगळाच वर्ग काढला. त्यात औपचारिक पदवीची अट नाही, पीएच.डी. नको, शोधनिबंध नकोत. मात्र आपल्या क्षेत्रातला किमान 15 वर्षांचा अनुभव हवा, तोही शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा. अशी माणसं मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंत घेता येतात. कमाल मुदत तीन वर्षं, अपवाद म्हणून आणखी एक. जे मुळात प्राध्यापकी करतात किंवा करून निवृत्त झालेत, त्यांना हे दार बंद आहे. पूर्णवेळच असायला हवं असंही नाही. संस्थेने मानधन ठरवून अर्धवेळ बोलावता येतं. पान उलटणाऱ्या त्या हॉस्पिटल इंजिनिअरला याची खबरच नसते, आणि विभागप्रमुखांनाही ती बऱ्याचदा नसते. अर्थात त्याची दहा-बारा वर्षं या अटीला कमी पडतात. त्याच्या वरचा, मोठ्या हॉस्पिटलचा बायोमेडिकल विभाग चालवणारा माणूस मात्र यात चपखल बसतो.

चौथं म्हणजे साधं निमंत्रित व्याख्यान. सत्रात दोन-तीनदा यावं, बोलावं, शाल-श्रीफळ किंवा पाकीट घ्यावं. त्याला नेमणूक म्हणत नाहीत, पण रेडिओलॉजिस्टकडून सीटी स्कॅनमधले आर्टिफॅक्ट, म्हणजे प्रतिमेत उमटणाऱ्या खोट्या खुणा, समजून घ्यायचे असतील तर एवढं पुरतं.

आता पात्रता. इंजिनीअरिंगच्या सहायक प्राध्यापकासाठी एआयसीटीईचा 2019 चा नियम सरळ आहे: संबंधित शाखेत बी.ई. किंवा बी.टेक. आणि एम.ई. किंवा एम.टेक., दोन्हींपैकी एकात प्रथम वर्ग. कला-वाणिज्य-विज्ञानाकडे लागते तशी नेट ही पात्रता परीक्षा इथे लागत नाही. पेच आहे तो ‘संबंधित शाखा’ या दोन शब्दांत. इन्स्ट्रुमेंटेशनमधून बी.ई. आणि बायोमेडिकलमधून एम.ई. केलेला उमेदवार सहसा अडत नाही. बी.फार्म. करून बायोमेडिकलमध्ये एम.टेक. केलेली उमेदवार मात्र छाननीत अडकू शकते, कारण तिची पहिली पदवी इंजिनीअरिंगची नाही. बायोमटेरियलचा पेपर ती इतरांपेक्षा चांगला शिकवेल, हा भाग वेगळा. तिने अर्ज करायच्या आधीच विद्यापीठाच्या मान्यता विभागाला लेखी विचारून घ्यावं. फिजिऑलॉजी शिकवायला येणाऱ्या एमबीबीएस डॉक्टरांचंही असंच: सहायक प्राध्यापक म्हणून त्यांची मान्यता होत नाही, पण पेपर पूर्णवेळ शिक्षकाच्या नावावर ठेवून ठरावीक तास डॉक्टरांना देण्याची वाट बरेच विभाग काढतात. ती वाट उघडपणे, वेळापत्रकात डॉक्टरांचं नाव लिहून काढली तर काहीच हरकत नाही.

मुलाखतीबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त चूक तिथे होते. थेट मुलाखत म्हणजे बहुतेक ठिकाणी दहा मिनिटं: प्रमाणपत्रं पाहा, ‘एम.ई.चा प्रोजेक्ट काय होता’ विचारा, ‘कळवतो’ म्हणा. त्यातून या विषयाचा माणूस कळत नाही. डेमो लेक्चर घ्यायला लावायचं, आणि तेही उमेदवाराने घरून रंगवून आणलेल्या स्लाइडवर नाही.

एक साधी परीक्षा आहे. टेबलावर ईसीजीच्या कागदाची एक खरी पट्टी ठेवा. पेशंटचं नाव-गाव कापून टाका. पट्टी अशी निवडा की तिची आधाररेषा जाडसर, केसाळ दिसतेय. आणि म्हणा, ‘ही दुसऱ्या वर्षाच्या मुलांना समजावून सांगा.’

पुस्तकी उमेदवार लगेच पी, क्यूआरएस, टी या हृदयाच्या ठोक्याच्या लाटा सांगायला लागतो. ते चूक नाही. पण ज्याने यंत्र हाताळलंय त्याची नजर आधी त्या जाड रेषेवर जाते. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो. आपल्या घरच्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 50 लाटा. 25 मिलिमीटरमध्ये 50, म्हणजे एका मिलिमीटरच्या चौकोनात दोन. इतक्या दाट लाटा डोळ्याला वेगळ्या दिसत नाहीत, रेषाच जाड झाल्यासारखी वाटते. हे फळ्यावर मांडून दाखवणारा उमेदवार शिकवू शकतो. त्यापुढे तो सांगेल की अशा वेळी आधी उजव्या पायाचं, काळ्या रंगाचं इलेक्ट्रोड बघायचं: जेल सुकलंय का, क्लिप सैल आहे का. कारण छाती-हातापायांवरच्या बाकीच्या इलेक्ट्रोडसारखं ते हृदयाचा सिग्नल मोजत नाही. शरीरावर सगळीकडे सारखाच चढलेला विजेचा गोंगाट उलटा करून परत शरीरात सोडायचा आणि तो दाबायचा, हे त्याचं काम. ते सुटलं की गोंगाट मोकळा.

मग दुसरा प्रश्न, इलेक्ट्रॉनिक्सचा. हृदयाचा सिग्नल त्वचेवर जेमतेम एक मिलिव्होल्टचा. तो हजार पट वाढवायचा आहे. पहिल्याच टप्प्यात हजार पट वाढवला तर? घोकलेला उमेदवार म्हणतो, ‘चालेल, एक व्होल्ट मिळेल.’ चालत नाही. त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्या सांध्यावर आपोआप एक स्थिर व्होल्टेज तयार होतं, आणि ईसीजी यंत्राने 300 मिलिव्होल्टपर्यंतचं असं व्होल्टेज सहन करावं अशी मानकाची अपेक्षा असते. त्याला हजाराने गुणा: 300 व्होल्ट. तुमच्या सर्किटला पुरवठा पाच व्होल्टचा. अ‍ॅम्प्लिफायर वरच्या टोकाला जाऊन चिकटतो आणि पडद्यावर सपाट रेघ येते, जिवंत माणसाची. म्हणून पहिला टप्पा पाच-दहा पटींचा ठेवतात, मग फिल्टर लावून ते स्थिर व्होल्टेज गाळून टाकतात आणि उरलेली वाढ त्यानंतर करतात. हॉस्पिटलातल्या इंजिनिअरला हे गणित कधीकधी सांगता येत नाही, पण लक्षण अचूक सांगता येतं. एम.ई. झालेल्या मुलीला गणित येतं, लक्षण पाहिलेलं नसतं. दोन्ही एकाच माणसात सापडलं तर त्याला सोडू नका. नाही सापडलं, आणि बहुतेक वेळा सापडत नाही, तर पेपर दोघांत वाटा: थिअरी एकाकडे, प्रॅक्टिकल दुसऱ्याकडे. असं वाटता येतं हेच अनेक विभागांच्या डोक्यात येत नाही.

प्रॅक्टिकलचं नाव निघालंच आहे तर त्याचा हिशेबही बघा. कार्यभाराच्या हिशेबात प्रॅक्टिकलचे दोन तास अनेकदा थिअरीच्या एका तासाबरोबर धरले जातात. पण मुलांच्या अंगाला इलेक्ट्रोड लावून सर्किट जोडायचं असतं तेव्हा तिथे उभा राहणारा माणूस सगळ्यात जबाबदार हवा. मुलांनी घरी केलेल्या बोर्डाला लॅपटॉप जोडलेला, लॅपटॉप चार्जिंगला, आणि इलेक्ट्रोड मित्राच्या छातीवर: हे दृश्य मी लॅबमध्ये पाहिलेलं आहे. बॅटरीवर चालवा किंवा आयसोलेशन लावा, म्हणजे घरची वीज अंगापर्यंत पोचणार नाही, एवढं दटावून सांगणारं कोणीतरी लागतं. त्या माणसाला अर्धा दर देणं मला पटत नाही.

कायद्याच्या पेपरला तर बाहेरचाच माणूस आणावा. आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांचे 2017 चे नियम 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले, आणि एप्रिल 2020 पासून जवळपास सगळीच उपकरणं नियमनाखाली आली. धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे वर्ग झाले. जीभ दाबायची पट्टी ए मध्ये, पेसमेकर डी मध्ये. लायब्ररीतली जुनी पुस्तकं याच्या आधीची आहेत. कंपनीत परवान्यांची कामं रोज करणारा माणूस शनिवारी दोन तास आला तरी मुलांना जे कळेल, ते जुन्या नोट्समधून अख्ख्या सत्रात कळणार नाही.

आता पैसे, कारण शेवटी गाडी तिथेच येते. यूजीसीचा 1500 चा दर धरा. आठवड्याला तीन व्याख्यानांचा पेपर, 15 आठवडे, एकूण 45 तास: 67,500 रुपये. तोही पूर्ण सत्राचा आकडा. महिन्याला 50,000 ची मर्यादा गाठायची तर 33 व्याख्यानं घ्यावी लागतात, म्हणजे आठवड्याला आठ. आणि नव्या माणसाला एका तासाच्या तयारीला घरी दोन-तीन तास सहज जातात. नियमित सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच 57,700 आहे, महागाई भत्ता वेगळा. म्हणून नुकत्याच एम.ई. झालेल्या मुलामुलींना माझं स्पष्ट सांगणं असतं की हे एकमेव उत्पन्न धरू नका. हॉस्पिटलात किंवा कंपनीत नोकरी असलेल्यांसाठी हिशेब वेगळा, पण त्यांनी प्रवास धरावा. परळच्या हॉस्पिटलातून नवी मुंबईच्या कॉलेजात एका तासासाठी गेलात तर अर्धा दिवस गेला. कॉलेजकडे सलग दोन तास, आठवड्यातून एकच दिवस, असं मागा. वेळापत्रक करणारे कुरकुरतात, पण करतात.

नोकरी असलेल्यांनी आधी आपल्या संस्थेची ना-हरकत घ्यावी, लेखी. सरकारी नोकरीत तर परवानगीशिवाय असं काम करताच येत नाही.

पुढची गोष्ट नाजूक आहे. एनबीए (तंत्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांना दर्जा देणारं मंडळ) मानांकनात शिक्षकसंख्या मोजताना अर्धवेळ माणूस धरत नाहीत. कंत्राटी माणूस धरायचा तर तो सलग दोन सत्रं पूर्णवेळ शिकवणारा असावा लागतो. त्यामुळे काही ठिकाणी अर्धवेळ माणसाला कागदावर पूर्णवेळ दाखवायचा मोह होतो. ‘सर, तुमचं पॅन आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून जा, फक्त इन्स्पेक्शनपुरतं’ असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नकार द्या. तुमचं नाव एका ठिकाणी पूर्णवेळ शिक्षक म्हणून चढलं आणि त्याच वेळी तुम्ही दुसरीकडे पूर्ण पगारावर असलात, तर खुलासा करताना तुमच्या बाजूने कॉलेज उभं राहणार नाही. मूळ प्रमाणपत्रं दाखवायची असतात, ठेवायची नसतात.

नेमणूकपत्रात एक वाक्य हमखास असतं: ही नेमणूक निव्वळ तात्पुरती असून नियमित पदावर हक्क सांगता येणार नाही. ते पोकळ नाही. 2006 च्या उमादेवी निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नुसती वर्षानुवर्षं तात्पुरती नोकरी केली म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये त्याच न्यायालयाने गुजरातच्या सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना किमान वेतनश्रेणी द्यायला लावली, आणि त्या बातमीने सीएचबीवाल्यांच्या ग्रुपमध्ये बरीच आशा फिरली. पण ते लोक नियमित शिक्षकांसारखंच पूर्ण काम करत होते. आठवड्याला चार तास येणाऱ्याला तो निकाल तसाच लावता येईल असं वाटत नाही.

सही करण्यापूर्वी पत्रात आणखी एक गोष्ट शोधा: परीक्षेचं काम. नेमणूक सत्र संपेपर्यंतची असते, पेपर त्यानंतर होतो आणि उत्तरपत्रिका त्याच्याही नंतर येतात. तेव्हा तपासणार कोण, आणि त्याचे पैसे वेगळे की त्याच दरात? प्रश्नपत्रिका काढणं, टर्म वर्कचे गुण भरणं, एखादा मुलगा नापास झाला तर पुढच्या सत्रात पुन्हा तोंडी घेणं, ही सगळी कामं ‘आनुषंगिक कर्तव्ये’ या दोन शब्दांत मावतात. ते शब्द दिसले की विचारा, नेमकी कोणती. तोंडी उत्तर मिळालं तर घरी येऊन त्याच दिवशी विभागप्रमुखांना ईमेल टाका: ‘आज आपलं असं बोलणं झालं.’

मानधन सहसा दर महिन्याला येत नाही; हजेरीपत्रकावर विभागप्रमुखांची सही, मग प्राचार्य, मग अकाउंट्स, असा कागद फिरतो. झालेल्या तासांची नोंद स्वतःच्या वहीत तारीख, वेळ आणि शिकवलेल्या भागासकट ठेवा आणि महिनाअखेरीस ऑफिसच्या नोंदीशी ताडून घ्या. वर्षाची रक्कम ठरावीक मर्यादेपुढे गेली की 10 टक्के टीडीएस कापतात. तो विवरणपत्र भरताना हिशेबात येतो, पण त्यासाठी कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा झालेली दिसायला हवी. दिसत नसेल तर अकाउंट्सवाल्यांना जूनमध्येच गाठा. जुलैत ते नव्या सीएचबीच्या मुलाखतींत गुंतलेले असतात.